अब्बा, फायबर आणि एक जुनी सॅन स्टॉर्म

“गाडी नेमकी कोणासाठी घेतली?” हा प्रश्न बायकोने विचारला तेव्हा गाडी अजून ट्रकवरून खाली उतरायची होती. ऑक्टोबर २०२४ मधली संध्याकाळ. डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीच्या गेटसमोर गोव्याहून आलेला ट्रक उभा. त्यावर ताडपत्रीत गुंडाळलेली, दोन माणसं बसतील एवढीच, कमरेएवढ्या उंचीची एक गाडी. वॉचमन म्हणाला, “साहेब, भंगार इथे उतरवू नका, चेअरमन ओरडतात.” ट्रकवाल्याला परत जायची घाई. आणि बायको हाताची घडी घालून उभी.

मी म्हणालो, “अब्बांसाठी.”

अब्बा तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून सगळं बघत होते. मगरिबची अजान व्हायच्या बेतात होती. ते काही न बोलता आत गेले.

माझं उत्तर पूर्ण खरं नव्हतं. ते मला कळायला पुढचे तीन महिने लागले.

ज्यांनी सॅन स्टॉर्म हे नाव ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. रेल्वेची इंजिनं बनवणाऱ्या बंगळुरूच्या सॅन समूहाने १९९८ च्या सुमारास गोव्यात एक छोटी स्पोर्ट्स कार बनवायला घेतली. दोन दारं, दोन सीट, छत उघडणारं, अंग फायबरग्लासचं आणि आत रेनोचं १,१४९ सीसीचं पेट्रोल इंजिन. ताकद साठेक हॉर्सपॉवर. म्हणजे आजची कुठलीही साधी हॅचबॅक तिला सिग्नलवर मागे टाकील. पण त्या काळात भारतातल्या रस्त्यावर मारुती ८००, झेन, फियाट आणि अॅम्बॅसॅडर यांच्यामधून ही उघडी, बुटकी गाडी गेली की लोक थांबून बघत. फेरारी, पोर्शे ही नावं पोस्टरवर असायची. ही मात्र आपल्याकडे, गोव्यात बनलेली होती. फार थोड्या बनल्या आणि पुढे बनायच्या बंद झाल्या.

आपल्या देशाने स्पोर्ट्स कारचा नाद अगदीच केला नाही असं नाही. २०१२ च्या ऑटो एक्स्पोत डीसीने अवंती दाखवली. ती कितीतरी जास्त दणकट, इंजिन ड्रायव्हरच्या पाठीमागे. गंमत अशी की तिच्यातही इंजिन रेनोचंच. गाडीचा आकार, अंग, स्वप्न आपलं आणि हृदय फ्रान्सचं, हा प्रकार दोन्हीकडे सारखा. जुनी स्टॉर्म घ्यायची म्हटली की हीच गोष्ट आधी समजून घ्यावी लागते. इंजिनाचे भाग मिळतात, कारण त्याच जातीचं इंजिन युरोपात क्लिओ आणि ट्विंगोमध्ये ढिगाने विकलं गेलं. पण दाराचं रबर, पुढची काच, छताचा कापडी भाग हे तिच्या एकटीचेच. ते कुठल्याच दुकानात नाहीत. काच फुटली तर संपलं.

हे सगळं मला आधी माहीत होतं का? निम्मं. उरलेलं निम्मं मला माहीत करून घ्यायचं नव्हतं.

---

अब्बांचं कल्याणला, दुर्गाडीच्या अलीकडे, डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे पत्र्याचं छप्पर, मातीची जमीन, एक कॉम्प्रेसर आणि गॅसचे दोन सिलिंडर. गिऱ्हाईक म्हणजे फियाट. आधी फियाट, नंतर तिचंच नाव प्रीमियर पद्मिनी. टॅक्सीवाले, कंत्राटदार, डॉक्टर, सगळे पद्मिनीवाले. गाडी बनायची कुर्ल्याला. आमच्या डोंबिवलीतही, कल्याण-शीळ रस्त्यावर, प्रीमियरचा कारखाना होता. नव्वदच्या दशकात तिथे प्यूजो ३०९ बनत असे. आज तिकडे टॉवर उभे आहेत, पण रिक्षावाले अजून ‘प्रीमियर कॉलनी’ असंच ओरडतात. गाडी गेली, स्टॉप राहिला.

पद्मिनीचा पत्रा जाड. पण समुद्राची हवा आणि चार महिन्यांचा पाऊस कुठल्याच पत्र्याला सोडत नाही. गाडीची फरशी, दारांखालचा पट्टा, डिकीचा कोपरा, या तीन जागी ती आधी सडायची. अब्बा सडका भाग कापून काढत, नवा पत्रा हाताने वळवून बसवत, गॅसने जोडत, हातोडी आणि डॉलीने ठोकून सपाट करत. डॉली म्हणजे मुठीत मावणारा लोखंडी ठोकळा, पत्र्याच्या मागून धरायचा. पुट्टी अगदी पातळ. “पुट्टी म्हणजे सुरमा,” ते म्हणत, “डोळाच नसेल तर सुरमा कुठे लावणार?” खिशात कायम एक गोल चुंबक असे. जुनी गाडी बघायला गेले की तो अंगावर फिरवत. जिथे चुंबक नीट धरत नाही तिथे खाली पुट्टीचा थर आहे, म्हणजे कुणीतरी काहीतरी लपवलं आहे.

पद्मिनी २००० च्या आसपास बनायची थांबली. टॅक्सी मात्र चालू राहिल्या. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, आणि शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ मध्ये नोंदवलेली, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून गेली. त्या दिवशी टीव्हीवर सगळ्या चॅनेलवर काळी-पिवळी दिसत होती. अब्बांनी चॅनेल बदललं. त्यांचं गॅरेज त्याआधी चार वर्षं बंद झालं होतं. जागा मालकाने बिल्डरला दिली. नंतर अम्मी गेली आणि आम्ही अब्बांना डोंबिवलीला आणलं. बहात्तर वर्षांचा माणूस, उजव्या गुडघ्याचा त्रास, दिवसभर गॅलरीत. खाली पार्किंगमध्ये कुणाची गाडी घासली की तेवढंच बघत. पण खाली उतरून सांगायला जात नसत. “विचारल्याशिवाय सांगू नये,” म्हणत.

मी ठाण्याला एका कंपनीत अकाउंट्स बघतो. हातात कधी पाना धरला नाही. लहानपणी सुट्टीत गॅरेजवर जायचो तेव्हा अब्बा मला फक्त पॉलिश पेपर पाण्यात भिजवून द्यायला सांगत. एकदा, मी नववीत असेन, भिवंडी रस्त्यावर एक लाल स्टॉर्म बघितली. मी हातातला वडापाव तसाच धरून उभा राहिलो. ती परत कधी दिसली नाही. पण तेवढं पुरे होतं.

म्हणून म्हणतो, ‘अब्बांसाठी’ हे उत्तर पूर्ण खरं नव्हतं.

---

गाडी मडगावजवळ एका घराच्या मागच्या पडवीत उभी होती. मालक वारले होते, त्यांच्या पत्नी एकट्या. २००१ ची नोंदणी, २०१६ नंतर रस्त्यावर आलेली नाही. अंग फिकट पिवळं, पुढच्या बंपरपाशी तडे, आतला गालिचा ओलसर. बाईंनी सांगितलं की ते दोघं हीच गाडी घेऊन पणजीला मासे आणायला जात, आणि पाऊस आला की छत लावेपर्यंत दोघंही भिजत. त्यांनी दोन लाख तीस हजार सांगितले, मी दोन लाख दहा म्हणालो, त्या हो म्हणाल्या. मला वाटलं मी शहाणपणाने घासाघीस केली.

मी काय तपासलं? रंग. सीट. छताचं कापड. बॅटरी जोडून दिवे. पुढची काच अखंड आहे ना, हे मात्र दहादा बघितलं. गाडीखाली वाकून बघितलं नाही. फायबरची गाडी गंजत नाही, एवढं एकच वाक्य मी कुठेतरी वाचलं होतं आणि ते धरून बसलो होतो.

ज्यांना अशी गाडी घ्यायची आहे त्यांनी इथे थांबून हे नीट वाचावं. फायबरचं अंग गंजत नाही हे खरं. पण ते अंग ज्यावर बसवलेलं असतं तो सांगाडा पोलादी असतो. पत्र्याच्या गाडीत गंज बाहेर फुगून दिसतो, रंग उचलला जातो, मालकाला कळतं. फायबर वरून गुळगुळीत राहतं आणि आत सांगाडा गुपचूप खात जातो. म्हणजे जी गोष्ट गुण म्हणून सांगतात तीच दोष झाकते. ओला गालिचा हीच मोठी खूण होती. ती माझ्या हाताला लागली होती, डोक्याला लागली नाही.

---

सोसायटीने दुसऱ्याच दिवशी नोटीस लावली. झाकलेली, बंद गाडी पार्किंगमध्ये ठेवू नये. त्यांचंही बरोबर होतं, आमची पार्किंगची एकच जागा आणि तिथे आधीच आमची वॅगन-आर. शेवटी शीळफाट्याला भंगाराच्या गोदामांच्या रांगेत एक पत्र्याचा गाळा घेतला. महिना सात हजार. शेजारी एक तरुण वेल्डर, पलीकडे ड्रम धुणारे.

पहिल्या रविवारी अब्बांना रिक्षाने तिथे नेलं. त्यांनी बरोबर जुनी पिशवी घेतली होती. तिच्यात दोन हातोड्या, तीन डॉली, चिमटा. पाच वर्षांत पहिल्यांदा ती पिशवी कपाटातून बाहेर आली होती. मी खूश.

त्यांनी ताडपत्री काढली. गाडीभोवती एक चक्कर मारली. खिशातून चुंबक काढून बॉनेटवर ठेवला. तो घसरून खाली पडला. दारावर ठेवला, पडला. मडगार्डवर, पडला. डिकीवरून पडून तो घरंगळत गाडीखाली गेला, तेव्हा ते वाकले नाहीत.

“सगळी पुट्टीच आहे?” ते म्हणाले.

मला वाटलं ते मस्करी करताहेत. मी हसलो. ते हसले नाहीत.

“फायबर आहे, अब्बा. याला पत्रा नसतो.”

“मग यात माझं काय काम?”

पिशवी न उघडता ते रिक्षात जाऊन बसले. पुढचे जवळपास तीन महिने ते गाळ्यावर आले नाहीत. मी विषय काढला की “तुझी गाडी आहे, तू बघ.” बायकोने काही म्हटलं नाही. रात्री भांडी लावताना एकदाच म्हणाली, “घ्यायच्या आधी त्यांना एकदा विचारलं असतं तर?” विचारलं असतं तर त्यांनी पाच मिनिटांत सांगितलं असतं की ही गाडी कशाची आहे, कुठे बघ, काय तपास. आणि कदाचित घेऊ नको, असंही. मला त्यांना चकित करायचं होतं. म्हणजे आनंद माझा, निर्णय माझा, आणि कामाला मात्र त्यांचे हात. आयुष्यभर पत्रा ओळखणाऱ्या माणसाला मी एकच गाडी आणून दिली, आणि ती नेमकी बिनपत्र्याची.

---

माझा आतेभाऊ रत्नागिरीला मिरकरवाड्यात फायबरच्या होड्या दुरुस्त करतो. कोकणात लाकडी होड्या कमी होत गेल्या तसे सुतारांच्या शेजारी हे नवे कारागीर उभे राहिले. मासेमारी बंदीच्या काळात, जून-जुलैत, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात तेव्हा त्याला जेवायला फुरसत नसते. जानेवारीत तो आठ दिवसांसाठी माझ्याकडे आला. जानेवारी त्यानेच निवडला. रेझिन हवेतल्या ओलीत नीट वाळत नाही, चिकट राहतं. पावसात ताडपत्रीखाली नाइलाजाने करावं लागतं, पण हौसेचं काम कोरड्या हवेतच करावं, असं त्याचं म्हणणं.

रेझिन, हार्डनर, काचेच्या धाग्यांची मॅट, सगळं डोंबिवली एमआयडीसीतल्या एका व्यापाऱ्याकडे मिळालं. घरी ठेवायचं म्हटल्यावर बायकोने सरळ नाही म्हटलं. २३ मे २०२४ ला एमआयडीसीतल्या रसायनाच्या कारखान्यात स्फोट झाला, माणसं गेली, आणि आमच्या स्वयंपाकघराची काच तडकली. त्यानंतर आमच्या घरात ‘केमिकल’ हा शब्द सहज कुणी घेत नाही. आतेभावाने तिचीच बाजू घेतली. “वहिनी बरोबर बोलतायत. हार्डनर आणि कोबाल्ट एकत्र सांडले तर भडका उडतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण मिसळायचं, मगच हार्डनर. दोन्ही बाटल्या एका फळीवरसुद्धा ठेवायच्या नाहीत.” मग सगळा माल गाळ्यातच राहिला, दोन कोपऱ्यांत.

त्याने अब्बांना सांगितलं, “मामू, एक दिवस चला. मला तुमच्या हातचा चहा नको, फक्त बसा.” भाच्याला नाही म्हणता आलं नाही.

गाळ्यात आतेभावाने खिशातून एक रुपयाचं नाणं काढलं आणि बंपरच्या तड्याभोवती हलकेच ठोकायला लागला. टक, टक, टक, आणि मधेच बद्द. जिथे बद्द वाजलं तिथे खडूने खूण. “मामू, थर एकमेकांपासून सुटले की असं वाजतं. वरून काही दिसत नाही. होडीत हे चुकलं तर समुद्रात कळतं.”

अब्बा पुढे सरकले. नाणं मागून घेतलं. दोन हात ठोकल्यावर म्हणाले, “खूण चुकली. अजून चार बोटं पुढे आहे.”

आतेभावाने कान लावला, परत ठोकलं. “हो मामू. पुढेच आहे.”

त्या दुपारी त्यांनी पूर्ण गाडी नाण्याने वाजवली. दार, मडगार्ड, डिकी. मी मागे खडू घेऊन. बारा जागा निघाल्या. आतेभावाने त्या घासून उतरत्या केल्या, म्हणजे कडेला पातळ आणि मधे खोल, जेणेकरून नवा थर जुन्यावर चढून बसेल. वरवरचे, कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे होते ते फक्त वरच्या जेलकोटचे. जे खोल होते तिथे मागच्या बाजूने मॅटचे तीन-तीन थर दिले. अब्बा बघत होते. “याला हातोडी चालत नाही तर,” म्हणाले. आतेभाऊ म्हणाला, “नाही मामू. याला थांबावं लागतं.”

पाचव्या दिवशी अब्बांनी सांगितलं, गालिचा काढा. गालिचाखाली फरशी ओली होती. मग म्हणाले, गाडी उचला. शेजारच्या वेल्डरचा जॅक आणि चार लाकडी ठोकळे. अब्बा पोत्यावर पाठ टेकून गाडीखाली गेले. त्या गुडघ्याने ते कसे गेले मला माहीत नाही. आम्ही वर उभे, खालून फक्त हातोडीच्या दांड्याचा आवाज. टण, टण, टण. मग बद्द. परत बद्द. मग आवाज थांबला आणि हात बाहेर आला, “स्क्रू ड्रायव्हर दे.”

स्क्रू ड्रायव्हर सांगाड्याच्या पोकळ पट्टीत मुठीपर्यंत गेला. ड्रायव्हरच्या सीटखाली, डावीकडे मागच्या चाकापाशी, आणि पुढे आणखी एका जागी.

बाहेर येऊन ते म्हणाले, “गाडी सोडून दे.”

---

आमचं खरं भांडण तेव्हा झालं. मी म्हणालो, वरून पट्टी मारून वेल्ड करू, चालेल. शेजारचा वेल्डर पंधरा हजारात करतो म्हणत होता. अब्बा म्हणाले, सडक्या लोखंडावर पट्टी मारली तर वेल्ड सडक्या लोखंडालाच धरणार. चांगलं लोखंड लागेपर्यंत कापत जावं लागेल. आणि कापत गेलास तर मागचा जवळपास तिसरा हिस्सा नवा करावा लागेल. “उघड्या छताची गाडी आहे. पद्मिनीला वर छत असतं, ते पण गाडीला धरून ठेवतं. हिला खालचाच आधार. हायवेवर मोडली तर तू जाशील. बरोबर बसलेला पण जाईल.”

मी घराच्या हप्त्याचं सांगितलं. मी आधीच किती घातलेत ते सांगितलं. ते म्हणाले, “घातलेले पैसे मोजू नकोस. राहिलेलं काम मोज.” मी अकाउंट्सवाला, हे वाक्य मी ऑफिसात दुसऱ्यांना कितीदा ऐकवलं असेल. स्वतःच्या गाडीला लावता आलं नाही.

दोन आठवडे आम्ही नीट बोललो नाही. शेवटी मी ठरवलं, पूर्ण कापायचं, नाहीतर गाडी भंगारात द्यायची. अर्धवट नाही. हे अब्बांना सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा पिशवी उघडून बसले.

काम रमजानमध्ये आलं, मार्च २०२५. वेल्डिंग शेजारच्या मुलाने मिगने केलं, कारण गॅसची आग फायबरजवळ चालत नाही, रेझिन पेट घेतं. कापणं, नळी वळवणं, माप घेणं अब्बांचं. कापायच्या आधी त्यांनी गाडीच्या चारही कोपऱ्यांतून दोरा ताणून तिरक्या मापांची नोंद भिंतीवर खडूने केली. नवा भाग बसल्यावर तीच मापं जुळली पाहिजेत, नाहीतर गाडी कायम एका बाजूला ओढेल. फायबर आणि वेल्डच्या मधे ओल्या गोणपाटाचे थर, आणि पाण्याची बादली घेऊन मी. जोहर ते असर एवढाच वेळ. रोजा धरून पत्र्याच्या छपराखाली, मार्चच्या उन्हात. मी दोनदा म्हणालो, ईदनंतर करू. ते म्हणाले, “ईदनंतर तुझा विचार बदलेल.”

पोकळ भागात गंजविरोधी मेण ओतलं आणि पाणी निघायला खाली भोकं ठेवली. मूळ सांगाड्यात पाणी साचत होतं, ते तिथेच थांबलं. वेल्डरच्या मुलाला अब्बा एक जोड चारदा करायला लावत. तो वैतागायचा, मग करायचा.

---

इंजिनाचं त्यामानाने सोपं झालं. आठ-नऊ वर्षं उभं असलेलं इंजिन चावी फिरवून चालू करायचं नसतं, एवढं लक्षात ठेवा. स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं तेल, दोन दिवस थांबायचं, मग पान्याने हाताने फिरवायचं. फिरलं. टायमिंग बेल्ट, पाण्याचा पंप, होज पाइप, सगळं बदललं. बेल्ट दिसायला बरा असला तरी जुना ठेवू नये, तो तुटला तर सगळंच गेलं. हे भाग ट्विंगोचे, लंडनला असलेल्या मावसभावाने बॅगेतून आणले. टाकीतलं जुनं पेट्रोल वॉर्निशसारखं झालं होतं. ब्रेक जाम. डिसेंबरात इंजिन चालू झालं. आधी काळा धूर, मग निळा, मग नुसता आवाज.

कागदांचं काम अजून चालू आहे. मूळ मालक वारलेले असले की आधी वारसाच्या नावावर गाडी करावी लागते, त्याला फॉर्म ३१. मग माझ्या नावावर २९ आणि ३०. गोव्यातून महाराष्ट्रात आणायला २८ नंबरची ना-हरकत. इथला रोड टॅक्स. पंधरा वर्षं उलटल्यामुळे नोंदणीचं नूतनीकरण, फॉर्म २५, आणि त्यासाठी गाडी तपासणीला न्यायची, पण नोंदणी नसताना ती रस्त्यावर चालवायची नाही, म्हणून परत ट्रक. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाडीची नूतनीकरणाची फी पाच हजारांची दहा हजार झाली. पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी आहे, वेगळा मान आहे. आमची पंचवीस वर्षांची. म्हणजे जुनी म्हणून शिक्षा आहे, जुनी म्हणून मान नाही.

हिशोब मांडल्याशिवाय मला राहवत नाही. गाडी २,१०,०००. ट्रक ३२,०००. गाळ्याचं अठरा महिन्यांचं भाडं १,२६,०००. इंजिन ६८,०००. फायबरचं काम ४१,०००. सांगाडा ८५,०००. टायर, ब्रेक, बॅटरी ५२,०००. एकूण ६,१४,०००, आणि यात रंग नाही, कागद नाहीत, अब्बांची मजुरी नाही. विकायला काढली तर निम्मे येतील. ज्यांना हा धंदा वाटतो त्यांनी दुसरा धंदा बघावा. ज्यांना नाद वाटतो त्यांनी आधी माणसं शोधावीत, गाडी नंतर. माझ्याकडे माणसं होती, मी त्यांना न विचारता गाडी आणली, आणि तरी ती आली हा त्यांचा मोठेपणा.

गाडी अजून प्रायमरमध्ये आहे, राखाडी. अब्बा तिच्यात बसलेले नाहीत. सीट जमिनीपासून वीतभर उंच, त्यांचा गुडघा तेवढा वाकत नाही. गाडीखाली गेले तेव्हा वाकला होता, पण तो विषय मी काढत नाही.

फायबरला रंग कसा लावायचा हे ते आतेभावाला फोनवर विचारत असतात. लावायला मात्र वेळ नाही त्यांना. वेल्डरच्या मुलाकडे एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाची पद्मिनी आली आहे, फरशी सडलेली. आठवड्यातून चार दिवस ते शेअर रिक्षाने शीळफाट्याला जातात, पिशवी घेऊन. परवा मी म्हणालो, “अब्बा, माझ्या गाडीचा रंग?”

म्हणाले, “तुझी थांबेल. फायबर आहे, गंजत नाही. ह्या बिचाऱ्याची पाऊस यायच्या आत झाली पाहिजे.”